नवरा जेल गार्ड, कैद्याने मारलं, आता "कडक कायदा करा" म्हणून सही करायची का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच लांब आहे, नाव, गाव, कुठलं जेल ते सगळं काढून थोडक्यात देतो.

"वकीलभाऊ, माझे मिस्टर जेलमध्ये गार्ड आहेत, अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात संध्याकाळी मोजणी करून बंद करायच्या टायमाला एका कच्च्या कैद्याने स्टीलच्या ताटाची कड ह्यांच्या भुवईवर मारली. पाच टाके पडले. तो घरफोडीच्या केसमध्ये आत आहे. त्याची मुलाकात आणि कँटीन महिनाभर बंद केली आणि वरच्या साहेबांनी सांगितलं की विषय संपला, पोलिसांत जाऊ नको, तुझीच चौकशी लागेल. आता तो म्हणतो ह्यांनीच आधी कानाखाली मारली. त्याचा भाऊ बाजारात भेटून 'काय गार्डसाहेब, बरे आहात ना' म्हणून हसून गेला. स्टाफमधली मुलं सह्या गोळा करतायत, जेल स्टाफवर हात टाकला तर कमीत कमी दहा वर्षं आणि जामीन नाही असा कायदा करा म्हणून. हे सही करत नाहीत, म्हणतात काय फरक पडत नाही. माझा भाऊ म्हणतो केस करा, सासूबाई म्हणतात नोकरी सोड. ड्यूटीवरून आले की स्कूटर बंद करून हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून अंगणात बसून राहतात, हाक मारली तरी लगेच आत येत नाहीत. रात्री उठून कडी बघतात. मी काय करू? कायदा कडक झाला तर हे वाचतील का?"

ताई, आधीच सांगून ठेवतो, मी क्रिमिनल साईडची वकिली करतो आणि बहुतेक वेळा कैद्याच्याच बाजूने उभा असतो. म्हणजे तुमच्या मिस्टरांना ज्याने मारलं तशा पोराची आई माझ्या ऑफिसात येऊन रडते आणि मी त्याचं वकीलपत्र घेतो. राग आला तर येऊ द्या, पण गार्डला मारल्याच्या केसी कोर्टात कशा फुटतात ते मला चांगलं माहीत आहे, फोडणाऱ्यांतलाच आहे ना मी. तेच आज तुमच्या बाजूला बसून सांगतो.

तुम्ही घाईत असाल म्हणून उत्तर आधी. तक्रार करा, याच आठवड्यात करा. सही पण करायला सांगा, पण कागदावरचा मजकूर बदलून घेऊन. आणि नोकरी सोडायचं आत्ता काही ठरवू नका. आता कारणं, ती जरा लांब आहेत.

कडक कायदा मागणाऱ्या मुलांना बहुतेक हे ठाऊक नसतं की आत्ताचा कायदा मऊ नाहीच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. ज्याला माणसाला कैदेत ठेवायचा अधिकार आहे तो लोकसेवक असं तिच्या व्याख्येतच लिहिलंय, म्हणजे जेल गार्ड त्यात आलाच. ड्यूटी करताना त्याच्यावर नुसता हात टाकला, ढकलाढकली केली तरी कलम १३२, दोन वर्षांपर्यंत. दुखापत झाली की कलम १२१, पाच वर्षांपर्यंत. जुन्या आयपीसीत ह्याच गोष्टीला ३३२ होतं आणि तिथे तीनच वर्षं होती, म्हणजे शिक्षा वाढलेली आहेच, कुणाला पत्ता नाही एवढंच. गंभीर दुखापत असेल तर १२१ चंच दुसरं पोटकलम, कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा. ही सगळी कलमं अजामीनपात्र, म्हणजे जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवणार. जिवे मारायचा प्रयत्न असेल तर १०९, आणि प्रयत्न करणारा जन्मठेपेचा कैदी असेल आणि त्यात कुणी जखमी झालं तर फाशीपर्यंतची सोय आहे.

मग तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत यातलं काय लागलं? काहीच नाही. महिना होत आला, एफआयआरच नाही. साहेबांनी मुलाकात बंद केली आणि रजिस्टरात एक ओळ लिहिली. त्या कलमात पाच वर्षं लिहिली काय, दहा लिहिली काय आणि पन्नास लिहिली काय, एफआयआर नसेल तर त्या कैद्याच्या दृष्टीने सगळे आकडे सारखेच. तुमचे मिस्टर "काय फरक पडत नाही" म्हणतात ते याच अर्थाने म्हणत असणार, त्यांना आतला अनुभव आहे.

आणि सगळ्यात कडक शिक्षेचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय बरं का, तोही नेमका जेल स्टाफच्या नावाने. जुन्या आयपीसीत ३०३ कलम होतं, जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी, फक्त फाशी, जजला दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. विधी आयोगानेच म्हटलेलं की हे असं ठेवण्यामागे मुख्य हेतू तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना संरक्षण द्यायचा दिसतो. १९८३ साली मिठू विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं, कारण माणूस कोण, प्रसंग काय, कशामुळे झालं हे काही बघायचंच नाही आणि डोळे मिटून फाशी द्यायची हे घटनेत बसत नाही. आज त्याच्या जागी १०४ आहे, फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप, निवड जजची. किमान शिक्षा ठेवताच येत नाही असं माझं म्हणणं नाही, १२१ मध्ये एक वर्षाची आहेच, पण ताटाच्या एका फटक्याला सरसकट दहा वर्षं आणि जामीन नाही म्हटलं तर काय होणार ते मी आजच सांगतो. पोलिस १२१ लावायलाच कचरतील, साहेब लोक आणखी जोरात "मिटवा" म्हणतील, आणि जज पुरावा इतका बारीक चाळेल की दहातल्या नऊ केसी सुटतील, आणि सोडवणाऱ्यांत मी असेनच.

शेजारी महाराष्ट्रात २०१८ साली आयपीसी ३५३ ची, म्हणजे आजच्या १३२ च्या जुन्या कलमाची, शिक्षा दोनावरून पाच वर्षांवर नेली होती, मग त्याचा गैरवापर होतो म्हणून आमदारांपासून पत्रकारांपर्यंत ओरड झाली, आणि नवी संहिता आली तेव्हा १३२ मध्ये पुन्हा दोनच वर्षं. तिकडे इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ ला खास कायदा केला, त्यात पोलिस, नर्स यांच्याबरोबर जेल ऑफिसरही आले, साध्या मारहाणीची जास्तीत जास्त शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली, २०२२ मध्ये ती दोन वर्षं केली. जेल स्टाफवरचे हल्ले २०१८ साली वर्षाला दहा हजारांच्या घरात होते आणि २०२४ लाही दहा हजारांच्या वरच. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या फ्रँकलंड जेलमध्ये, धोकादायक कैद्यांच्या खास विभागात, एका कैद्याने तीन ऑफिसरांवर उकळतं तेल फेकलं आणि हाताने बनवलेल्या हत्यारांनी वार केले, तेव्हा लगेच काय झालं तर तशा खास विभागातल्या कैद्यांचं किचन बंद केलं आणि स्टाफच्या अंगात चाकू न शिरणारी जाकिटं घालायचा विषय पुढे आला. नवीन शिक्षा यायला वर्षं लागतात, किचनचं कुलूप त्याच आठवड्यात लागतं.

आता एक गोष्ट जी सह्या गोळा करणाऱ्यांना कुणी सांगितलेली दिसत नाही. फौजदारी कायदा हा केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला विषय, संहितेशी विसंगत असं काही पर्वरीला गोवा विधानसभेत आपल्या चाळीस आमदारांनी एकमताने पास केलं तरी ते राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय चालत नाही, म्हणजे फाईल दिल्लीला जाणार आणि तिथे बसणार. पण तुरुंग हा विषय पूर्ण राज्याचा. किती गार्ड भरायचे, एका वेळी किती जणांनी बराक बंद करायची, मारहाण झाली की किती तासांत पोलिसांना कळवायचं, हे सगळं इथल्या इथे होऊ शकतं, नियमात एक बदल किंवा एक सर्क्युलर पुरतं. जे आपल्या हातात आहे ते मागायचं सोडून जे दिल्लीत अडकणार तेच मागायचं, ह्याला काय म्हणावं.

शिक्षा वाढवून कुणाला धाक बसतो हे पण जरा बघा. जन्मठेप भोगणाऱ्याला आणखी पाच वर्षं दिली तर ती नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) ४६७ प्रमाणे जन्मठेपेबरोबरच चालतात, वेगळी मोजत नाहीत, म्हणजे त्याच्या हिशोबात वाढ शून्य. त्याला फरक पडतो तो फर्लो, पॅरोल आणि माफीच्या दिवसांचा, ते गेले तर तो खरा हलतो. मुदतीची शिक्षा भोगणाऱ्याचं वेगळं, त्याला नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते, कोर्टाने एकत्र म्हटलं तरच एकत्र. आणि तुमच्या केसमधला तर कच्चा कैदी आहे, त्याला अजून शिक्षाच झालेली नाही. देशात २०२२ च्या आकड्यांनुसार दर चार कैद्यांत तीन असे कच्चेच. अशा माणसाला पाच वर्षांनी काय शिक्षा होईल याचं काही पडलेलं नसतं, त्याचं सगळं लक्ष जामिनावर. आणि इथेच आजचा कायदा चावतो. त्याच संहितेच्या ४७९ मध्ये सोय आहे की कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या अर्धा काळ आत काढला, आणि पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, की त्याला सोडायचं. पण एकापेक्षा जास्त केसी चालू असतील तर ही सोय बंद. म्हणजे तुमच्या मिस्टरांची एफआयआर नोंद झाली की त्या पोराचा तो दरवाजा लागला, शिवाय नव्या केसमध्ये वेगळा जामीन मागायला लागणार, आणि घरफोडीच्या केसमधला जजही नवीन केस बघणारच. हे सगळं आठवड्यांत होतं, वर्षांत नव्हे. बराकीत ही बातमी कशी फिरते ते तुमच्या मिस्टरांना विचारा, ते सांगतील.

म्हणून तक्रार. उशीर झाला म्हणून केस मरत नाही, पण उशीर का झाला ते तक्रारीतच खरं-खरं लिहायचं, की वरिष्ठांनी थांबवलं, डोक्याला टाके होते, भीती वाटली. ते लिहिलं नाही तर माझ्यासारखा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारणार, "महिनाभर काय करत होता, कुणी शिकवलं?" एफआयआर द्यायला साहेबांची परवानगी लागत नाही, मार खाल्लेला माणूस सरळ स्टेशनवर जाऊ शकतो, ऑनलाईन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. स्टेशनवर घेतली नाही तर एसपींना लेखी, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, हे सगळं नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये आहे. आणि नोंदवल्यावर तपास कुठवर आला ते नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवायचं असतं, नाही कळवलं तर मागायचं. एक लक्ष ठेवा, पोलिस कधीकधी कटकट नको म्हणून नुसतं २२१ लावतात, सरकारी कामात अडथळा, त्याला जास्तीत जास्त तीन महिने. टाके पडलेत, १२१ लागलंच पाहिजे, कॉपी हातात पडली की आधी कलम वाचा.

आता पुरावा, इथे खरी मजा असते. ते ताट कुठे आहे? कुणी जप्त केलं का, का त्याच रात्री धुऊन परत किचनात गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात भात वाढला? बहुतेक तसंच झालं असणार. पण रक्त लागलेला युनिफॉर्मचा शर्ट जर अजून धुतला नसेल तर कागदी पिशवीत घालून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, ओल धरते. धुतला असेल तर असू दे, त्यासाठी स्वतःला दोष देत बसू नका. टाके जेलच्या दवाखान्यात घातले की बाहेरच्या इस्पितळात? बाहेर असेल, म्हापसा असो की मडगाव, तर कॅज्युअल्टीच्या रजिस्टरला एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांच्या कामाची जखम) म्हणून नोंद झाली का ते जाऊन बघा, त्या कागदावर "कैद्याने ताटाने मारलं" असं लिहिलंय की "पडून लागलं" असं, हे बघा. "पडून लागलं" लिहिलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. जखम गंभीर की साधी हे डॉक्टर ठरवणार, पण चेहऱ्यावर कायमची विद्रूपता आली तर ती कायद्याने गंभीर दुखापत, आणि पंधरा दिवस माणूस नेहमीची कामं करू शकला नाही तरीही. भुवईवरच्या खुणेचं काय होतंय ते डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा, विश्रांतीचे कागद सांभाळा, कारण तिथेच पाच वर्षं आणि दहा वर्षं यातला फरक ठरतो.

त्या दिवसाच्या ड्यूटी रजिस्टरची नक्कल पाहिजे. हसू नका, अशा कितीतरी केसी नुसत्या यावर पडतात की गार्ड त्या वेळी त्या बराकीत ड्यूटीवर होता हे सरकारी वकील दाखवायलाच विसरला, सगळ्यांना ते इतकं उघड वाटतं की कुणी कागद लावत नाही. आणि सीसीटीव्ही. त्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी स्वतःवरच लिहिलं जातं, गेलेलंही असेल, तरी सुपरिंटेंडंटना आजच दोन ओळींचं पत्र द्या, अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फूटेज राखून ठेवावं, आणि आवकची सही-शिक्का असलेली कॉपी घरी ठेवा. फूटेज मिळालं तर कोर्टात त्याच्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाचं सर्टिफिकेट लागतं, ते पोलिसांचं काम, पण विचारत राहा. फूटेज नाही असं उत्तर आलं तरी ते उत्तर उपयोगाचं, कारण मग "लपवलं" हा आरोप तुमच्या मिस्टरांवर येत नाही.

साक्षीदार म्हणजे बरोबरचा दुसरा गार्ड. होता का दुसरा? पत्रात तुम्ही कुणाचा उल्लेख केला नाही, म्हणून मला शंका आहे की ते एकटेच होते. तसं असेल तर तेही तक्रारीत लिहा, कुणावर आरोप म्हणून नको, जसं घडलं तसं.

मुलाकात बंद केली, कँटीन बंद केली, त्यावरून त्याचा वकील म्हणेल एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा. मी पण म्हणेन. ती जेलची शिस्तीची कारवाई आहे, कोर्टाने केस चालवून दिलेली शिक्षा नव्हे, हे उत्तर आहे, पण सरकारी वकिलाला हे आधी सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी तो कागद चाळत बसणार नाही.

आता कानाखाली मारल्याची गोष्ट. ताई, इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. खरंच मारली का ते तुमच्या मिस्टरांना एकदा शांतपणे विचारा, भांडून नको. मारली असेल तर एफआयआर द्यायच्या आधी चांगल्या वकिलाकडे बसून ते सांगा, लपवून दिलेली तक्रार उलटते. मारली नसेल तर घाबरायचं कारण नाही, ड्यूटीच्या कामात केलेल्या कृतीवर काही सरकारी माणसांविरुद्ध केस चालवायची असेल तर सरकारची मंजुरी लागते, ती तुमच्या मिस्टरांच्या पदाला लागू आहे का ते वकिलाला विचारा, आणि अंगावर आलेल्याला अडवणं हा स्वसंरक्षणाचा हक्क गार्डलाही आहे. पण तो हक्क अडवण्यापुरता. नंतर चार जणांनी मिळून कोठडीत नेऊन "समजावणं" त्यात बसत नाही. १९७९ साली सुनील बत्रा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तिहारमधल्या एका कैद्याच्या साध्या चिठ्ठीची दखल घेतली होती, एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्यावर पैशांसाठी अत्याचार केला म्हणून. तेव्हापासून कोर्ट गार्डकडेही बघतं, आणि बघायलाच पाहिजे, माझा तर धंदाच त्यावर चालतो. तुमच्या मिस्टरांच्या सहकाऱ्यांपैकी कुणी "आम्ही बघतो त्याला" म्हणत असेल तर हात जोडून सांगा की बघू नका, त्या एका रात्रीने ही केस उलटी फिरेल.

आणि हे पण सांगतो, कारण ते तुमच्याच कामाचं आहे. बहुतेक वेळा ताट उगारलं जातं तेव्हा राग गार्डवर नसतो. तारखेला पोलिसांचा एस्कॉर्ट मिळाला नाही म्हणून कोर्टात नेलंच नाही, वकील आला नाही, घरच्यांचा फोन लागला नाही, आणि समोर जो युनिफॉर्मवाला उभा असतो त्याला बसतो. म्हणून मारणाऱ्याला माफ करा असं मी म्हणत नाही, त्याची केस व्हायलाच पाहिजे. पण पुढचा मार टाळायचा असेल तर तारखा आणि एस्कॉर्ट याचं काहीतरी करायला लागेल.

आता तो कागद, सहीचा. मुलांना सांगा की दहा वर्षांची ओळ पाहिजे तर शेवटी ठेवा, पण वर हे टाका. जेल स्टाफवर हल्ला झाला की चोवीस तासांत सुपरिंटेंडंटनेच पोलिसांना लेखी कळवायचं, गार्डच्या मर्जीवर सोडायचं नाही, म्हणजे "तू कशाला गेलास" हा प्रश्नच उरत नाही आणि बाहेरच्या भावाला पण कळतं की तक्रार घरून गेलेली नाही. जखमी गार्डला त्याच दिवशी बाहेरच्या सरकारी इस्पितळात नेऊन एमएलसी करायची. फूटेज केस संपेपर्यंत राखायचं. मोजणी आणि बंद करायच्या वेळी एकट्या गार्डला बराकीत पाठवायचं नाही. रिकाम्या जागा भरायच्या. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये सहा कैद्यांमागे एक गार्ड असं प्रमाण दिलंय, आणि ते सुद्धा तीन शिफ्टमध्ये वाटलं तर एका वेळी अठरामागे एकच येतो, त्यातून रजा, आजारपण, कोर्ट ड्यूटी वजा करा. आपल्या जेलात प्रत्यक्षात किती आहेत ते त्या मुलांनी माहिती अधिकारात मागावं आणि आकडा कागदावर घालावा, मंत्र्याला भाषणापेक्षा आकडा जास्त त्रास देतो. हे सगळं घातलेला कागद असेल तर तुमचे मिस्टर सही करतील असं मला वाटतं, नुसत्या रागाच्या कागदावर ते करत नाहीत यात त्यांची समजच दिसते मला.

त्या भावाचं. "बरे आहात ना" म्हणून हसणं हा कायद्याने गुन्हा होत नाही, पण तारीख, वेळ, कुठल्या दुकानासमोर, कोण सोबत होतं ते वहीत लिहून ठेवा. पुन्हा आला, काही बोलला, घराकडे फिरकला तर लगेच पोलिसांत, जिवे मारायची धमकी दिली तर ३५१ मध्ये सात वर्षांपर्यंत आहे. साक्षीदार संरक्षणाची योजना २०१८ पासून आहे, सुप्रीम कोर्टाने तेव्हाच ती लागू केली, त्यासाठी अर्ज जिल्ह्याच्या सेशन्स जजच्या समितीकडे करायचा, पोलिस धोका किती ते बघून रिपोर्ट देतात. तुम्हाला लगेच गरज लागेल असं नाही, पण अशी सोय आहे हे घरात सगळ्यांना माहीत असू दे, सासूबाईंना पण.

आणि रजेचं बघा. जखमेसाठी घरी होते ते दिवस कुठल्या रजेतून कापले? सरकारी नोकरांच्या रजेचे जे सीसीएस लीव्ह रूल्स आहेत त्यांच्या ४४ व्या नियमात ड्यूटीवर झालेल्या दुखापतीची वेगळी रजा आहे, इस्पितळात असेपर्यंत पूर्ण पगाराची. अर्न्ड लीव्ह किंवा मेडिकल कापली असेल तर बदलून द्या म्हणून अर्ज करा. पैशांचा प्रश्न लहान असेल, पण त्या अर्जावर ऑफिसला "ड्यूटीवर झालेली दुखापत" असं लेखी मान्य करायला लागतं, आणि तो कागद नंतर सगळीकडे कामाला येतो.

हेल्मेट घालून अंगणात बसतात, रात्री कडी बघतात, ते तुम्ही पत्राच्या शेवटी असं लिहिलंय जसं काही त्याचं काही करता येत नाही. येतं की. डोक्यावर मार बसलाय, आधी तो भाग एकदा डॉक्टरला नीट दाखवा, चक्कर, डोकेदुखी, झोप सगळं सांगून. मग मनाचं. सरकारचा टेली-मानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कुणाला कळत नाही. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळात, ओपीडी आहे. गावात आयपीएचबी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, करू देत, त्यांच्या भुवईवर ताट बसलेलं नाही. अकरा वर्षं चाव्या फिरवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कळलंय की आपण आत एकटे असतो, त्याने हलणं साहजिक आहे. ते आत येत नाहीत तेव्हा हाक मारत बसू नका, चहा घेऊन तुम्हीच बाहेर जा, आणि काय झालं ते विचारू नका.

सासूबाईंना सांगा नोकरीचं सहा महिन्यांनी बघू. तोवर मिस्टरांनी अर्ज करावा, बराकीतून काढून काही दिवस गेटवर किंवा मुलाकातीच्या खिडकीवर ड्यूटी द्यावी म्हणून, डॉक्टरचा कागद जोडला तर सहसा मिळते. एलडीसीच्या, म्हणजे सरकारी क्लार्कच्या, जाहिराती येतात त्याचे फॉर्म भरायला काही हरकत नाही, भरा, पण या एका पोराच्या भीतीने राजीनामा नको, पेन्शनचा हिशोब अकरा वर्षांचा आहे.

तक्रारीचा मसुदा मराठीत लिहिला तरी चालतो, इंग्रजीसाठी कुणाच्या मागे धावू नका. तारीख, वेळ, बराक, त्या वेळी ते कुठली ड्यूटी करत होते, तो काय बोलला, ताट कुठल्या हातात होतं, कुणी बघितलं, कुठे टाके घातले, आणि उशीर का झाला, एवढंच, एका पानात, विशेषणं नकोत. लिहून झाला की नावं खोडून मला पाठवा, देण्याआधी एकदा नजर टाकतो.